दादाचे उठवायचे शब्द

माझा भाऊ इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचा. शाळेत त्याला कधी कुणी घेतलं नाही. एक परीक्षा राहून गेली म्हणे, आणि ती राहिली ती कायमचीच. म्हणून घरातल्या बाहेरच्या खोलीत दोन लांब बाकं, एक फळा आणि दारावर पाटी. मधल्या खोलीत कॉट, आणि तिच्यामागे स्वयंपाकघर, तिथे खिडकीखाली माझं शिलाईचं मशीन. खोल्यांना मधे दारं नव्हती, पडदे होते, तेही मीच शिवलेले. त्यामुळे झालं काय, मी जन्मात इंग्रजीचं पुस्तक उघडलं नाही, पण इंग्रजी माझ्या कानात इतकं ओतलं गेलंय की विचारू नका. लोकांच्या पँटी आखूड करता करता माझं अख्खं व्याकरण पाठ झालं. कळलं किती, ते सोडा.

दादा स्वभावाने अगदी गरीब. दूध उतू जात असलं तर समोर उभा राहून "अगं, दूध" म्हणेल, पण हात पुढे करून गॅस बंद करणार नाही. नळ गळायला लागला की खाली बादली ठेवली, झालं त्याचं काम. शब्दांच्या बाबतीत मात्र पक्का खाष्ट. कुणी भलत्या जागी भलता शब्द घातला की याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मालकाने भाडं वाढवायचं पत्र इंग्रजीत धाडलं, तर हा वाढीबद्दल चकार शब्द न काढता त्यातल्या दोन चुका सांगायला वर गेला. मी कपाळाला हात लावला.

परीक्षेत एक ठरलेला प्रश्न यायचा, सारख्या वाटणाऱ्या शब्दांमधला फरक सांगा. त्यात दादाचा सगळ्यात लाडका घोळका म्हणजे उठवायचे शब्द. स्टर, वेक, राउझ, अवेकन, अराउझ, प्रोव्होक, इव्होक, इन्साइट. पोरांच्या गाइडमध्ये सगळ्यांपुढे एकच अर्थ छापलेला, जागे करणे. दादा ते गाइड मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरून वर्गाला दाखवायचा. "ही आठ भावंडं आहेत रे," म्हणायचा, "आणि या गाढवाने सगळ्यांना एकच सदरा चढवलाय!" मला ते आवडायचं. सदऱ्यातलं मला कळतं.

पण नुसतं सांगून पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून त्याने एक खेळ काढला. एका पोराने बाकावर आडवं होऊन झोपायचं. सर शब्द उच्चारणार, आणि झोपलेल्याने त्या शब्दाला शोभेल तेवढंच उठायचं. जास्त नाही, कमी नाही. पोरं फसफसून हसायची, कुणी घोरायचं, कुणी बाकावरून खालीच पडायचं. खेळाचा पार विचका व्हायचा. मग एके दिवशी दादाने पडदा बाजूला सारला आणि स्वतःच्याच मुलाला हाक मारली.

वहिनी गेली तेव्हा हा पोरगा एवढासा होता. मी चार दिवस मदतीला म्हणून आले होते, ती राहिलेच. कुणी 'राहा' म्हटलं नाही आणि मीही 'जाते' म्हटलं नाही. पोरगा अबोल. तासन्तास माझ्या मशीनखाली बसून चिंध्या रंगाप्रमाणे लावायचा. त्या दिवशी बापाने बोलावल्यावर मुकाट्याने गेला, बाकावर आडवा झाला, डोळे मिटले आणि असा निपचित पडला की वर्गाचं हसूच थांबलं. पापणी हलेना, ओठ हलेना. एका पोराने त्याच्या कानात फुंकर मारली, तरी नाही. "सर, हा तर ओंडका आहे!" कुणीतरी ओरडलं. तेव्हापासून तो सगळ्यांचा ओंडक्या झाला. मी भांडले, पोराला असलं नाव ठेवतात का म्हणून. पण त्याला स्वतःलाच ते आवडलं होतं, मग मी कोण बोलणारी.

पुढे दरवर्षी तो धडा आला की ओंडक्याला बोलावणं यायचं. मीही मशीन थांबवून पडद्याच्या फटीतून बघायचे. दादा "स्टर" म्हणाला की याची फक्त करंगळी हलायची. "वेक" म्हटलं की डोळे उघडायचे आणि एक छोटीशी जांभई. राउझला दादा त्याला खांद्याला धरून गदागदा हलवायचा, मग हा जड अंगाने उठून बसायचा. "बघा," दादा म्हणायचा, "झोप जेव्हा दगडासारखी बसलेली असते ना, तेव्हा राउझ." अवेकनला ओंडक्या उठायचाच नाही. नुसता छताकडे बघत हळूहळू हसायचा, काहीतरी उमजल्यासारखं. तेवढ्यासाठी पोरं त्याला पुन्हा पुन्हा करायला लावायची. प्रोव्होक म्हटलं की ताडकन उठून सगळ्यात पुढच्या पोराच्या पाठीत एक गुद्दा. आणि इन्साइटला तो झोपूनच राहायचा, बाकीच्या वर्गाने बाकं बडवून दंगा करायचा. "इन्साइट करणारा मागे उभा असतो, मार दुसरेच खातात," हे दादाचं ठरलेलं वाक्य.

अराउझ आलं की मोठी पोरं एकमेकांना कोपरं मारायची आणि दादाचे कान लाल व्हायचे. "राउझ माणसाला करतात," तो फळ्याकडे तोंड करून घाईघाईने सांगायचा, "आणि अराउझ करतात ते माणसाच्या आतलं काहीतरी. संशय, कुतूहल, दया. दया लिहा सगळ्यांनी. पुढे चला."

राहिला इव्होक. इव्होक म्हणजे लांब गेलेलं काहीतरी आठवणीतून बोलावून आणणं. त्यासाठी दादाने ओंडक्याच्या नाकाखाली संत्र्याची साल धरली. काय करायचं हे त्याला सांगितलेलं नव्हतं, सुचेल ते करेल असं दादाला वाटलं. पोरगा डोळे मिटूनच म्हणाला, "आई." वहिनीला संत्री फार आवडायची, सोलून सोलून त्याला एकेक फोड भरवायची. दादाने त्या दिवशी वर्ग तिथेच सोडला. पण पुढच्या वर्षी साल पुन्हा आली आणि "आई" पण पुन्हा आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मला ते पटत नव्हतं, पण दादाला पटवणार कोण!

असा तो पोरगा वाढला. झोपायचं कसं आणि शब्द आला की उठायचं कसं, हे त्याच्याइतकं कुणालाच जमलं नाही. दादा पाहुण्यांना सांगायचा, "आमचा मुलगा म्हणजे जिवंत डिक्शनरी." डिक्शनरीने कधी स्वतःहून तोंड उघडलं नाही, हे मात्र कुणी बघितलं नाही.

शिकून तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं ऑफिस होतं. दिवसभर कानाला यंत्र लावून 'मी समजू शकतो' असं म्हणायचं. सुट्टीत यायचा तेव्हा ते वाक्य तो म्हणून दाखवायचा आणि आम्ही हसायचो. मग ते ऑफिस बंद पडलं. तो एक बॅग घेऊन घरी आला, कॉटवर आडवा झाला, आणि उठलाच नाही.

नोकरी गेली म्हणून असं झालं, असं गल्लीत सगळे म्हणतात. मला नाही पटत. नोकऱ्या काय कमी जणांच्या जातात? सगळे थोडेच भिंतीकडे तोंड करून पडतात. आधीपासून काहीतरी आत बसत चाललं असणार, आणि आम्हाला तो शांत मुलगा वाटत राहिला.

पहिले काही दिवस दमला असेल म्हणून सोडून दिलं. मग दाढी वाढली, नखं वाढली, उशीला डोक्याचा खळगा पडला. मी ताट आणून भरवलं तर दोन घास घ्यायचा, तेही माझ्यासाठी. आंघोळीचं पाणी तापून तापून गार व्हायचं. मी बोलायचे, ओरडायचे, लाडीगोडी लावायचे. तो "हो आत्या" म्हणायचा. काही म्हटलं तरी "हो आत्या". अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझ्या, आणि दुसऱ्या क्षणी त्याचे ते पाय बघून रडू यायचं. घराबाहेर न पडलेल्या माणसाचे तळपाय किती मऊ होतात, बाई.

डॉक्टर घरी येऊन गेले. भला माणूस. म्हणाले, "हा आळस नाही, आजार आहे. गोळ्या द्या, वेळ द्या. आणि मागे लागू नका. त्याचा तो उठेल." दादाने मान डोलावली. पण दादाकडे 'त्याचा तो उठेल' असा शब्दच नव्हता. त्याचे सगळे शब्द दुसऱ्याने उठवायचे.

आणि म्हणून तो सुरू झाला. सकाळी पडदा सारून पहिल्यांदा हलक्या आवाजात हाक. मग खांद्याला धरून हलवणं. मग उशाशी बसून, तू अमक्या वयात असं म्हणाला होतास, तमक्या वेळी बक्षीस मिळालं होतं, असल्या गोष्टी. मी मशीनवरून विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणतो, "राउझ लागू पडलं नाही. आता अवेकन. अंग नाही उठत, तर मन उठवून बघू." मी म्हटलं, "तुझ्या फळ्यावरचं आहे का ते पोर?" तो म्हणाला, "मला दुसरं येतं काय?" खरंच येत नव्हतं त्याला दुसरं काही.

एके दुपारी मी कॉलर उलटवत बसले होते आणि मधल्या खोलीतून दादाचा आवाज आला. असा आवाज मी त्याचा जन्मात ऐकला नव्हता. "लाज वाटत नाही? म्हातारा बाप घसा फोडून शिकवतो आणि तू आयतं गिळतोस! तुझी आई असती तर तिने तोंड बघितलं नसतं तुझं!" मी धावले. दादा कॉटपाशी उभा होता, हाताच्या मुठी वळलेल्या, आणि डोळ्यांत राग औषधालासुद्धा नव्हता. प्रोव्होक करत होता. ताडकन उठून आपल्या पाठीत एक गुद्दा घालेल, एवढीच बिचाऱ्याची आशा. पोराने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे बाबा तुमचं." एवढंच. दादा न्हाणीघरात गेला आणि नळ सोडला. नळाच्या आवाजात रडणं झाकत नाही हे पुरुषांना कोण सांगणार.

संत्रंही झालं. साल नाकाखाली धरली, धरून धरून दादाचा हात दुखला. पोराने डोळे उघडले आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या प्रत्येक शब्दाला आत कुणीतरी झोपलेलं लागतं. माझ्यात कुणी झोपलेलं नाहीये. मी जागाच आहे. सगळा वेळ जागा आहे."

मी मशीन थांबवलं. आणि दादा काय करतो? लगबगीने माझ्याकडे आला, चेहरा उजळलेला. "ऐकलंस? किती नेमकं बोलला! अगं, बुद्धी शाबूत आहे त्याची. पूर्ण जागी आहे!" काय बोलला यापेक्षा किती मुद्देसूद बोलला, यावर खूश झालेला बाप मी त्या दिवशी पाहिला. राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्याची कीव आली.

त्यानंतर काही दिवसांनी तो धडा आला.

दादाच्या मनात काय शिजतंय याचा त्याने मला पत्ता लागू दिला नाही. मी आपली उसवलेली शिवण घालत होते, तर बाकं सरकवल्याचा आवाज, चपलांचा आवाज, आणि पडदा सारून अख्खा वर्ग मधल्या खोलीत. पोरं कॉटभोवती भिंतीला चिकटून उभी राहिली, वह्या छातीशी धरून. मी उठले. "दादा, अरे तो आजारी माणूस आहे, फळा नाही! बाहेर काढ आधी या सगळ्यांना!"

"एकदाच," दादा म्हणाला. "ओळखीचं वाटेल त्याला. एकदाच करू दे मला." त्याच्या हातात संत्र्याची साल होती आणि खिशात खडू. कपाळावर घाम. मी गप्प बसले नाही, चांगले दोन-चार शब्द ऐकवले, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. पोराकडे बघत होता.

"स्टर," दादा म्हणाला.

पांघरुणाबाहेर हात होता. त्याची करंगळी हलली.

मला आधी वाटलं मलाच भास झाला. पोरं कुजबुजली. दादाने ओठ घट्ट मिटले आणि म्हणाला, "वेक." पोराने डोळे उघडले, आणि एक जांभई दिली. छोटीशी. दादाने पुढे होऊन खांद्याला धरलं, "राउझ," आणि तो जड अंगाने उठून बसला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पाठ भिंतीला न टेकता. मग छताकडे बघून हळूहळू हसला. एका पोराच्या पाठीत अगदी हलका गुद्दा घातला. पोरं टाळ्या पिटायला लागली. दादाने साल पुढे केली. पोरगा डोळे मिटून म्हणाला, "आई."

पोरं ओरडत होती, दादा रडत होता आणि हसत होता, पोराचं डोकं छातीशी धरून "उठला, माझा ओंडक्या उठला" म्हणत होता. मी पडद्यापाशी उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते "आई" मी ओळखत होते. ते बाकावरचं होतं. तोच सूर, तेवढंच लांबवलेलं, दरवर्षी यायचं तसं.

त्यानंतर घराचा जणू वाडा झाला. म्हणजे खोल्या त्याच, पण दादाच्या चालण्यात तसा थाट. पोरगा रोज उठायला लागला. दादा सकाळी पडदा सारून "वेक" म्हणायचा की हा उठून बसायचा, आंघोळ, दाढी, नाश्ता. गल्लीच्या टोकापर्यंत फिरून यायचा. भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलायचा. मी त्याच्या सैल झालेल्या पँटी कमरेत आत घेतल्या. लोक दादाला म्हणायचे, सर, तुम्ही कमाल केलीत. दादा म्हणायचा, "कमाल माझी नाही, योग्य शब्दाची."

मग एकदा दादाला भल्या सकाळी कुठल्याशा पालकाकडे जायचं होतं, तो तसाच गेला. मी माझ्या कामात. दुपार व्हायला आली तरी मधल्या खोलीत हालचाल नाही. पडदा सारला तर हा पडलेला, डोळे टक्क उघडे. "अरे, उठला नाहीस?" मी विचारलं.

"कुणी म्हटलंच नाही," तो म्हणाला.

मी कॉटवर बसले. म्हटलं, "खरं सांग मला. बरं वाटतंय का तुला?"

त्याने पांघरुणाची कड सारखी केली. मग म्हणाला, "आत्या, हे सोपं आहे गं. शब्द आला की उठायचं. मला येतं ते. बाबांचं तोंड बघवत नव्हतं."

"आणि आत काय आहे?"

"आत काही नाही. तू नको सांगूस बाबांना. किती खूश आहेत."

मी मूग गिळून बसणाऱ्यातली नाही. दादा चपला काढत होता तोवरच मी सगळं सांगितलं. तो हसला. "अगं, तसंच असतं. आधी अंग उठतं, मन मागून येतं. सवय होऊ दे." मी म्हटलं, "तो नाटक करतोय, तू शिकवलेलं नाटक! तुला बाकावरचा सूर ओळखू येत नाही?" त्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "तुला त्या शब्दांतलं काय कळतं? पँटी शिव तू!" मी स्वयंपाकघरात आले आणि त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. त्यानेही मागितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी पोराला घेऊन डॉक्टरांकडे गेले, दादाला न विचारता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी, भूक कशी, मनात काही वेडंवाकडं येतं का. हा नीट बसला, नीट हसला, एकेका प्रश्नाचं असं बेतशीर उत्तर दिलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. "मी समजू शकतो तुम्हाला का विचारावं लागतं," असंही म्हणाला. मी मधे तोंड घातलं, "डॉक्टर, हा खोटं बोलतोय." डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गोळ्या चालू ठेवा म्हणाले, पुढच्या आठवड्यात याला एकट्यालाच पाठवा, निवांत बोलू. येताना रस्त्यात त्याने माझी पिशवी घेतली. "रागावलीस का आत्या?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्यावर नाही रे." माझ्या सोबतीने तो सावकाश चालत होता, माझे गुडघे दुखतात म्हणून.

तो पुढचा आठवडा आला नाही.

सकाळी मी चहा टाकला होता. दादाने पडदा सारला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "वेक." मग हसल्याचा आवाज. "बरं बरं, आज खेळायचंय वाटतं. स्टर." थोडं थांबला. "स्टर. अरे, करंगळी." मी गॅस बारीक केला. "राउझ," तो म्हणाला, आणि कॉट करकरली.

मी मधल्या खोलीत गेले. पोरगा उताणा पडला होता, डोळे मिटलेले, पांघरूण गळ्यापर्यंत नीट ओढलेलं. मी त्याच्या तळपायाला हात लावला. मऊ तळपाय, आणि गार. माणसाचं अंग इतकं गार कधी पडतं ते मला ठाऊक आहे, वहिनीचे पाय मीच धरले होते.

"दादा," मी म्हटलं, "पुरे."

"थांब गं," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. चेहऱ्यावर अजून ते हसू तसंच. "हा हसत नाही कधी. किती वेळ पडून राहतो बघ. अवेकन." आणि त्याने खरोखर पोराच्या ओठांकडे बघत वाट पाहिली. मग प्रोव्होक म्हणाला आणि आपली पाठ पुढे केली. वाकून, गुद्दा बसावा म्हणून, बराच वेळ. मी त्याला मागून कवेत घेतलं. तो अंगाने एवढासा आहे, तरी मला आवरेना. तो आता ओरडत होता, सगळे शब्द एकमेकांत मिसळून, फरक नाही काही नाही, नुसते शब्द. संत्रं आण म्हणाला. माझ्याकडे बघून, हात जोडून म्हणाला, "संत्रं आण गं." स्वयंपाकघरात चहा उतू जाऊन गॅस विझला होता, त्याचा वास येत होता. मी त्याला सोडून तो बंद करायला गेले, कारण घरात ते करणारी मीच होते.

काय झालं ते डॉक्टरांनी सांगितलं. मी ते इथे सांगणार नाही. त्याचा तो गेला, एवढं पुरे. माझ्या मशीनच्या खणात त्याच्या आत घेतलेल्या कमरांच्या चिंध्या अजून आहेत. मी बाई कशी जिवंत आहे याचं मला नवल वाटतं.

वर्ग बंद झाला. बाकं एका शाळेने नेली. पाटी मीच काढली, चार खिळे होते, गंजलेले, एकेक उपटताना हात सोलवटला. दादा आता मधल्या खोलीत त्या कॉटवर झोपतो. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. बोलत नाही फारसा. मी भाजीला काय करू विचारलं तर "हो" म्हणतो. जेव म्हटलं की जेवतो, आंघोळ कर म्हटलं की करतो. कुणी आलं तर बसतो, नीट हसतो, "माझं ठीक आहे" म्हणतो. लोक जाताना मला म्हणतात, सावरले हो सर, मानलं पाहिजे.

मी रोज सकाळी पडदा सारते. मला इंग्रजी येत नाही, माझ्याकडे एकच शब्द आहे. "दादा, ऊठ," मी म्हणते.

तो लगेच उठतो. हाक पुरती तोंडातून निघालेली नसते, की हा उठून बसलेला, पाय खाली सोडून, माझ्याकडे बघत. आणि मला इतकी भीती वाटते, इतकी भीती वाटते, की मी पडदा धरूनच उभी राहते आणि मला पुढे काय म्हणायचं ते सुचत नाही.